भोंग्याचा पहिला अल्बम

९ फेब्रुवारी

दादा,

आई म्हणते, फोन करू नकोस, तो उचलणार नाही, पत्र टाक. हे ती बारा वर्षं म्हणतेय आणि बारा वर्षं मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. आज लिहितेय, कारण ही बातमी तुला तिसऱ्याच कुणाकडून कळावी असं वाटत नाही.

माझा अल्बम निघतोय. माझा म्हणजे माझ्या नावाचा, माझ्या बँडचा. कप्तानाच्या बँडमध्ये त्याच्या डाव्या हाताला उभं राहायचं, त्याने मान हलवली की सॅक्सोफोन तोंडाला लावायचा आणि भुवई उचलली की थांबायचं, यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आता मान मला हलवायची आहे. पहिल्या दिवशी ती मी इतकी हलवली की रात्री शेक घ्यावा लागला.

आम्ही चौघं आहोत. पियानोवर मास्तर, ते शाळेत गणित शिकवतात आणि वाजवतानाही हातचे धरतात. बेसवर लंबू. त्याचा बेस त्याच्याहून उंच आहे, म्हणजे विचार कर. ड्रम्सवर डॉक्टर. हे टोपणनाव नाही, खरंच दातांचा डॉक्टर आहे. हात इतका हलका की पेशंटला दात निघाल्याचं कळत नाही म्हणतात, आणि मला कधी कधी तो वाजवायला लागल्याचं कळत नाही.

स्टुडिओ एका शिवणकामाच्या कारखान्याखाली, तळघरात आहे. भिंतींना जुने गालिचे ठोकलेत, तरी वरच्या मशीनांची घरघर खाली उतरतेच. म्हणून वरच्या बायका जेवायला बसल्या की आम्ही रेकॉर्डिंग करतो, नाहीतर त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. काचेपलीकडे साउंडकाका बसतात. ते दिवसभरात चारच वाक्यं बोलतात आणि त्यातली तीन चहाविषयी असतात.

मागे एकदा माझ्या अल्बमची गोष्ट निघाली होती तेव्हा ड्रम्सवर तू होतास. पहिल्याच तालमीत मी ती हळू ट्यून संपवली, बाकीचे थांबले, आणि तू वाजवतच राहिलास. माझ्याकडे न बघता. त्याच आठवड्यात तू ड्रम्स विकलेस आणि इतक्या लांब वेताच्या खुर्च्या विणायला निघून गेलास. मागे एक ओळ ठेवलीस, ‘मला यात गोडी उरली नाही.’ धाकट्या बहिणीच्या हाताखाली वाजवण्यात गोडी उरली नाही, असा अर्थ आम्ही सगळ्यांनी लावला. तो अल्बम मग तिथेच बारगळला.

मी भांडायला लिहीत नाहीये. तो उत्साह आता राहिला नाही. पण तुला काय वाटेल, याचं कुतूहल मात्र अजून गेलेलं नाही, आणि त्याचं मलाच नवल वाटतं. सोबत डिस्क आहे, तीन ट्यून. ऐकायच्या तर ऐक.

भोंगा
(नाव तू ठेवलंयस. मी बदललेलं नाही.)


२ मार्च

दादा,

तू उत्तर देशील असं वाटलं नव्हतं. पाकीट आईनेच आधी पाहिलं आणि ते हातात धरून माझ्या क्लासमध्ये आली. विद्यार्थिनीच्या तोंडात सॅक्सोफोन होता, तिला ‘तू थांब गं जरा’ म्हणाली. आपल्या आईने कधी कुणाची शिकवणी थांबवलेली तुला आठवते का?

लंबूबद्दल जे लिहिलंयस ते मी तालमीत मोठ्याने वाचलं. ‘दुसऱ्या ट्यूनमध्ये बेस पियानोच्या डाव्या हातावर पाय देतोय.’ लंबू म्हणाला, “मी देतोय? मास्तर माझ्या अंगणात येतायत.” मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “अंगण कुणाचं ते आधी ठरवू.” दोघांनी पुन्हा वाजवून पाहिलं आणि तू म्हणतोस ते खरं निघालं. मास्तरांनी डावा हात वर सरकवला. खोलीत एकदम जागा झाली. तर त्याबद्दल आभार.

पण दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत.

एक, तू विचारतोस की डॉक्टर सिंबलच्या थाळीला हात का लावत नाही, लाजतो का. दादा, पहिली ट्यून सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिंबलवरच आहे. मी पुन्हा ऐकली. काकांना ऐकवली. ते म्हणाले, “थोडी कमीच करायला हवी.” त्यांचं दिवसाचं चौथं वाक्य त्यात खर्च झालं.

दोन, माझ्याबद्दल तू एक शब्द लिहिलेला नाहीस. चांगलं नाही, वाईट नाही. फक्त एवढं की तिसऱ्या ट्यूनमधला खालचा सूर ‘पोटात उतरतो’. बाकी साडेचार मिनिटं मी काय करत होते, याबद्दल पूर्ण शांतता. आवडलं नसेल तर तसं म्हण. कप्तानाने मला चांगलं तयार केलंय, मी दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा वाजवते.

तू हे ऐकतोस कशावर? कुठे बसून? खुर्च्या विणताना की काम संपल्यावर? वेताला ठेका असतो का? मला तुझं काहीच माहीत नाही, हे पत्र लिहिताना कळतंय.

भोंगा


१९ मार्च

दादा,

तुमच्या कारखान्यातला प्लेअर जुना आहे आणि त्याचा एक स्पीकर गेलाय, असं तू लिहिलंस. बरं. वेत भिजवून घेतात हेही मला नवीनच. कोरडा ओढला तर तुटतो, जास्त भिजला तर बैठक सैल होते. सॅक्सोफोनच्या तोंडाला बांधायची रीडही अशीच. तीही शेवटी बोरूचीच पट्टी, आणि तीही मी जिभेवर भिजवत बसते. आपण दोघं एकच धंदा करतो म्हणायचं.

इकडे बँड चालवणं म्हणजे काय, ते थोडं थोडं कळतंय. वाजवणं त्यातला सोपा भाग. मास्तर माझ्याहून वयाने मोठे. त्यांना ‘हे जमलं नाही, पुन्हा घेऊ’ कसं म्हणायचं? पहिले दोन आठवडे मी म्हणायचे, “मास्तर, माझंच जरा चुकलं, पुन्हा घेऊ या का?” शेवटी त्यांनीच पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाले, “बाई, तुम्ही आज सात वेळा चुकलात आणि सातही वेळा चूक माझी होती. मला गणित येतं. सरळ सांगत जा.” तेव्हापासून सरळ सांगते.

अल्बमच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याला कव्हरवर डोळे मिटून वाजवतानाचा माझा फोटो हवाय. मी म्हटलं, मी उघड्या डोळ्यांनी वाजवते, नाहीतर हे तिघं पळून जातील. तो हसला नाही.

सोबत नवी डिस्क. यात एकच ट्यून दोनदा आहे, दोन वेगळे टेक. कुठला ठेवू? माझं ठरत नाही. सावकाश ऐक, शक्य असेल तर दुसऱ्या कुणाच्या चांगल्या प्लेअरवर.

भोंगा


८ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. ‘एकच टेक दोनदा पाठवलास, घाईत होतीस वाटतं. छान आहे, ठेव.’

ते दोन टेक नव्हते. एकच होता. डॉक्टरची मोठी सिंबल आम्ही पलीकडच्या खोलीत ठेवून रेकॉर्ड केली होती. काकांना सांगून पहिल्यात मी ती ठेवली आणि दुसऱ्यात पूर्ण काढून टाकली. काढल्यावर ती ट्यून कशी वाजते सांगू? बत्ती गेलेल्या घरासारखी. लंबूने ऐकून विचारलं, “डॉक्टर मेला काय?” आणि तू प्लेअर शेजाऱ्याकडून आणलास, दोन्ही स्पीकर धड असलेला, हे तूच लिहिलंयस.

ही परीक्षा होती, आणि तुला न सांगता घेतलेली. सांगितलं असतं तर तू टाळली असतीस.

पत्र खिशात घालून मी घरी आले. आई खिडकीत बसून शर्टाला बटण लावत होती. मी विचारलं, “दादाला ऐकू येत नाही का?”

ती म्हणाली, “सुई हातात असताना असलं विचारू नये.”

“तुला माहीत होतं?”

“येतं त्याला. जाड आवाज येतात. बारीक गेलेत.” मग दोरा दाताने तोडून म्हणाली, “फोनवर त्याला माझं एक अक्षर कळत नाही. म्हणून पत्र टाक म्हणत होते. तू कधी टाकलंस?”

“मला सांगितलं का नाहीस?”

“त्याने शब्द घेतला होता. आणि तू विचारलं का नाहीस?”

बारा वर्षं एकाच स्वयंपाकघरात जेवतोय आम्ही. मला वाटायचं, ‘पत्र टाक’ यापलीकडे आई तुझा विषय काढत नाही ते माझा मान राखण्यासाठी.

आता तू सांग. आईकडून नको, तुझ्याकडून. केव्हापासून? आणि नक्की काय होतं? आवाज लांब जातो, की पुसट होतो, की तिथे काही होतं हेच कळत नाही? पाखरं ऐकू येतात का? किटलीची शिट्टी? माणसांचं कुठलं अक्षर आधी गेलं? मी हे दया म्हणून विचारत नाहीये. मला खरंच जाणून घ्यायचंय.

भोंगा


३० एप्रिल

दादा,

सहा पानं. तुझ्या हातची सहा पानं मी आयुष्यात पाहिली नव्हती. दोनदा वाचली, मग आईला वाचून दाखवली, आणि एक परिच्छेद तिच्यासाठी गाळला. तुला कळेल कुठला.

म्हणजे कप्तान तुला ‘हळू मार, हळू मार’ म्हणत होता तेव्हाच सुरू झालं होतं. सिंबल ऐकू येईना म्हणून तू जोरात मारत होतास, आणि जितकं जोरात मारशील तितका कान जात होता. आम्हाला वाटायचं, दादाचा हात जड झाला, डोक्यात हवा गेली. आणि त्या तालमीत मी शेवटी तो वरचा सूर अगदी बारीक करत नेला, तो तुझ्यापर्यंत पोचलाच नाही. तुझ्यासाठी मी केव्हाच थांबले होते. तू माझ्या पुढच्या ओळीची वाट बघत ठेका धरून बसलास. मान वर केलीस तर सगळे तुझ्याकडे बघत होते.

‘बहिरा ड्रमर म्हणून ओळख होण्यापेक्षा शिष्ट भाऊ म्हणून झालेली बरी वाटली.’ हे वाक्य वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. तू स्वतःसाठी सोयीचं कारण निवडलंस आणि रुसायचं काम माझ्यावर टाकून गेलास. ते मी इमानदारीत केलं. त्याचा हिशेब आता कुणाकडे मागू?

असो. राग दोन दिवसांत उतरला. कुतूहल उतरत नाहीये. ‘स’ आणि ‘फ’ गेले, ‘म’ आणि ‘ब’ राहिले, हे मला फार विलक्षण वाटलं. काल दिवसभर मी मनातल्या मनात लोकांच्या बोलण्यातून ‘स’ आणि ‘फ’ काढत होते. भाजीवाल्याचं अर्धं बोलणं गेलं. कंपनीच्या माणसाचं काहीच बिघडलं नाही.

आता कामाचं. अल्बममध्ये एक ट्यून उरलीय. संथ आहे, खालच्या सुरांची आहे, आणि तिच्यात सिंबल मुळातच नको होती. फक्त मोठे ड्रम, मऊ गोळ्याच्या काठ्यांनी. हे तुला ऐकू येतं, तूच लिहिलंयस. डॉक्टरला विचारलं, येत्या रेकॉर्डिंगला त्याच्या जागी तू बसलास तर चालेल का. तो म्हणाला, “त्या दिवशी मला क्लिनिक आहे.” ती सुट्टी आहे हे त्याला माहीत आहे आणि मलाही.

ये. एक दिवसासाठी ये.

भोंगा


२३ मे

दादा,

हे पत्र मी आठ दिवस लिहितेय आणि फाडतेय.

तू आलास, हेच आधी लिहिते. दारात उभा राहिलास तेव्हा आई तुझ्या अगदी जवळ जाऊन, छातीतून, जाड आवाजात “जेवलास?” म्हणाली. हा आवाज तिने कधी तयार केला होता कोण जाणे. तू “हो” म्हणालास आणि तिने तरी वाढलंच.

स्टुडिओत तू स्टूल ओढून लंबूच्या इतकं जवळ घेतलंस की तुझा गुडघा त्याच्या बेसच्या लाकडाला टेकला. लंबू कुणाला बेसला हात लावू देत नाही. त्याने उलट बेस थोडा तुझ्याकडे कलता केला. पहिला ठोका पडला तेव्हा मास्तरांनी मान वर करून पाहिलं. तुझा हात तोच आहे. ड्रमला जागं केल्यासारखा. ‘क्लिनिक’ अर्ध्यात सोडून आलेला डॉक्टर काचेपलीकडे आईच्या शेजारी बसला होता. नंतर बाहेर पायरीवर तुम्ही दोघं बोलत होतात, तो तुझ्याकडे तोंड करून, सावकाश, आणि तू हसत होतास. त्याने कानाच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला, तो तू शर्टाच्या खिशात घातलास. हे सगळं मी पाहिलं आणि मला त्याची किंमत आहे.

आता दुसरं. तो टेक मी अल्बममध्ये घेत नाहीये.

गेला आठवडाभर मी तो ऐकला. एकटीने, काकांबरोबर, आईबरोबर. तू ठेक्याच्या किंचित मागे राहतोस. हात बारा वर्षं बंद होता, हे होणारच होतं. पण अडचण तुझ्या मागे राहण्याची नाही, आमची आहे. लंबू तुझ्यासाठी रेंगाळतोय. मास्तर तुला जागा दाखवायला तीच पट्टी दोनदा दाबतायत. आणि मी प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबतेय, तू पोचलास का बघायला. आम्ही सगळे तुला सांभाळून घेतोय आणि ते स्वच्छ ऐकू येतं. ती ट्यून एका दुःखाबद्दल होती. आता ती तुझी काळजी घेण्याबद्दल झालीय. ऐकणाऱ्याला त्याच्याशी काय करायचंय?

आई म्हणाली, “एवढं एक ठेवलंस तर काय जातं तुझं?” मास्तरांनी चष्मा पुसला. आणि कंपनीच्या माणसाला तर तोच टेक हवाय. भाऊ, बहीण, गेलेला कान, बारा वर्षं. पेपरात छापून येईल म्हणाला. कव्हरवर तुझाही फोटो टाकू म्हणाला. मी त्याला म्हटलं, “माझ्या भावाला तुम्ही वाजवण्यासाठी घेणार की न ऐकू येण्यासाठी?” त्याने खांदे उडवले. तेव्हाच माझं ठरलं.

हे तुला फोनवर सांगता येत नाही आणि प्रत्यक्ष सांगायचं धाडस झालं नाही. पण सांगायचं गोड करून नाही. तुझ्याशी सगळे गोड करूनच वागलेत, आणि तूही आमच्याशी. सुट्टीच्या दिवशी डॉक्टरला घेऊन आम्ही ती पुन्हा रेकॉर्ड केली. त्याला सांगितलं, दादाचा पहिला ठोका आठव आणि तिथून सुरू कर. तो म्हणाला, “तेवढा जड हात माझ्याकडे नाही. माझा चालेल का?” मी म्हटलं, चालेल. चालला. सोबत त्याची डिस्क आहे.

तुझा टेक मी पुसलेला नाही. तो घरात आहे. पण अल्बम माझा आहे.

तू पुन्हा बारा वर्षं गप्प बसलास तर तेही मला कळेल. नको बसूस.

भोंगा


१७ जून

दादा,

काल फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसणार होते, पण आईने फोन सोडला नाही. तो बंद झाल्यावरही हातात धरून बसली होती.

पत्र पोचायच्या आधीच तू त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आला होतास, हे मला कुठे माहीत. फोन वाजला तेव्हा मला वाटलं कंपनीचा माणूस. तुझा आवाज ओळखलाही नाही आधी. तू म्हणालास, “बरोबर केलंस. मीही ठेवला नसता.” आणि मी गप्प, तर तू विचारलंस, “बोलतेयस ना? की कानातलं मशीन बंद पडलं?” मी रडत होते, आणि ते तुला ऐकू आलं नाही हे बरंच झालं. आता हे लिहून सांगितलंच.

मशीन कानात घातल्यावर पहिले दोन दिवस कागदाचा आवाज सहन होत नव्हता म्हणालास. आणि कारखान्यात वेत ओढताना तो चिरकतो, हे तुला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. सगळं परत येणार नाही, असं बाईंनी सांगितलंय, तेही तू सरळ सांगितलंस. सिंबल येते, पण पत्र्यासारखी. माझा वरचा सूर येतो, पण नाकातून. बाईंना सांग की तो नाकातूनच येतो, कप्तानही हेच म्हणायचा.

फोनवर तू एक प्रश्न विचारलास आणि मी भलतंच काहीतरी उत्तर दिलं, म्हणून हे पत्र. तू म्हणालास, माझ्या संथ ट्यूनमध्ये मधूनमधून नळ ठिबकल्यासारखं काहीतरी वाजतं, ते मशीनचं आहे की डिस्कचं.

दोन्हीचं नाही. ते माझं आहे. सॅक्सोफोनच्या भोकांवर झाकणं असतात, त्यांना खालून चामड्याच्या गाद्या. बोट दाबलं की गादी भोकावर बसते आणि टप् असा आवाज होतो. प्रत्येक सुराच्या अगदी आधी. मोठ्या ट्यूनमध्ये तो बुडून जातो, संथ ट्यूनमध्ये वर येतो. काका म्हणाले, हवं तर पुसतो. मी म्हटलं, राहू द्या. कुणी विचारेल असं मात्र वाटलं नव्हतं.

“इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून वाजवलं, हे कधीच ऐकलं नाही,” असं तू म्हणालास. काकांनी दाखवेपर्यंत मलाही ते कधी ऐकू आलं नव्हतं, मी सूर ऐकत होते.

आणि एक आहे. त्या टप्‌च्याही आधी आणखी एक आवाज आहे. मी श्वास घेते त्याचा. फार बारीक आहे, डॉक्टरला सांगूनही सापडला नाही. तुला सापडतो का बघ, आणि सापडला तर मला फोन कर.

भोंगा